घोडबंदर रोडवरचे व्यापारी संकुल: एका मंजुरीचा हिशेब

ठाण्यात कापूरबावडीहून गायमुखकडे निघाले की डाव्या हाताला येऊरचे डोंगर लागतात आणि उजव्या हाताला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक अख्खे शहर उभे राहिले, आणि त्याच्या वाट्याला लांब पल्ल्याचा रस्ता एकच आला: घोडबंदर रोड. पुढे फाउंटन हॉटेलजवळ तो मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. त्यामुळे जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनरही इथूनच जातात. कासारवडवलीच्या माणसाला शाळेत मूल सोडायला आणि कंटेनरला सुरत गाठायला रस्ता तोच.

अशा रस्त्यालगत मोठे व्यापारी संकुल मंजुरीला आले, तर ‘रोजगार विरुद्ध ट्रॅफिक’ असा वाद लगेच सुरू होतो. एक बाजू म्हणते विकास थांबवू नका, दुसरी म्हणते आता पुरे. या वादात हिशेब फारसा कुणी मांडत नाही. तो मांडण्यासाठी हे प्रकरण. यातला भूखंड आणि प्रकल्प कल्पित आहेत आणि त्यांचे आकडे मी धरलेले आहेत. रस्ता, कायदे, मानके आणि आजूबाजूला सुरू असलेली कामे खरी आहेत. कुणा एका विकासकाकडे बोट न दाखवता पूर्ण गणित उघडे करता यावे, एवढ्यासाठी भूखंड कल्पित घेतला.

प्रस्ताव

जागा पातलीपाडा आणि वाघबीळ यांच्यामध्ये, खाडीच्या बाजूला. दलालांच्या भाषेत ‘हायवे टच’. बांधकाम क्षेत्र ६०,००० चौरस मीटर: खाली मोठे किराणा-घरसामानाचे दालन आणि दुकाने, त्यावर फूड कोर्ट व पाच पडद्यांचे मल्टिप्लेक्स, वरच्या मजल्यांवर कार्यालये, तळघरात दोन मजली पार्किंग. मुख्य रस्त्याला १२० मीटर दर्शनी बाजू आणि आत-बाहेर जाण्याची दोन्ही दारे तिथेच. मागून विकास आराखड्यातला १८ मीटर रुंदीचा रस्ता दाखवलेला आहे, पण तो सलग झालेला नाही. मधला ३५० मीटरचा तुकडा कागदावरच आहे. इथे राहणाऱ्याला हे चित्र नवे वाटणार नाही. डीपी रोड आराखड्यात असतो, जागेवर पत्र्याचे कुंपण असते.

परवानगी देणार ठाणे महापालिकेचा शहर विकास विभाग, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ खाली. रस्त्याची जबाबदारी मात्र महापालिकेची नाही. त्यावर सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, आणि मेट्रोचे व रस्त्याचे मोठे काम एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) करते. वाहतूक सांभाळतात ठाणे शहर वाहतूक पोलीस. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असल्याने २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागणार. म्हणजे इमारत एका कार्यालयाच्या टेबलावर, रस्ता दुसऱ्याच्या, सिग्नल तिसऱ्याच्या. प्रत्येकाने आपापल्या चौकटीत बरोबर शेरा मारला तरी एकत्र परिणाम कुणीच पाहिलेला नाही, असे होऊ शकते.

त्यात घड्याळही चालू असते. कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या प्रस्तावाला परवानगी मिळाली असे मानले जाते. वाहतुकीचा खरा अभ्यास हवा असेल तर तो पहिल्याच आठवड्यात मागावा लागतो. पन्नासाव्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

लाभाची बाजू

लाभ खरे आहेत, आणि ते कमी लेखून रस्ता वाचत नाही. एका नोकरीमागे ३० चौरस मीटर वापरायोग्य जागा धरली आणि अशी जागा ४०,००० चौरस मीटर असली, तर सुमारे १,३०० जणांना काम मिळते. त्यातली दुकानांची काही कामे नवी नसतील. मानपाड्याच्या किंवा कासारवडवलीच्या बाजारातले गिऱ्हाईक इकडे सरकले की तिकडची मुले इकडे कामाला येतात. कार्यालयांचे तसे नाही. घोडबंदरवरून रोज सकाळी हजारो लोक मुंबईकडे आणि ठाणे स्टेशनकडे जातात. त्यांतल्या काहींना घरापासून दोन-तीन किलोमीटरवर काम मिळाले, तर एक लांबचा प्रवास कायमचा वाचतो. बाहेरून इथे कामाला येणाराही गर्दीच्या उलट दिशेने येतो, जिथे रस्त्यात जागा असते. माझ्या मते या प्रस्तावातला सर्वांत मोलाचा लाभ हा आहे, आणि तो नेमका शेवटच्या मजल्यांवर, शेवटच्या टप्प्यात ठेवलेला आहे.

महापालिकेच्या तिजोरीचा हिशेबही नीट पाहायला हवा. विकास शुल्क आणि जादा एफएसआयचे (चटई क्षेत्र निर्देशांकाचे) अधिमूल्य ही एकदाच येणारी रक्कम. दरवर्षी येतो तो मालमत्ता कर. संकुलात विक्री किती होते याच्याशी महापालिकेच्या उत्पन्नाचा आता थेट संबंध उरलेला नाही. पूर्वी जकात होती, नंतर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. शहरात माल आला की पालिकेला वाटा मिळे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. ती आधीच्या उत्पन्नावर दरसाल ८ टक्के वाढ धरून ठरते. संकुलात शंभर कोटींची उलाढाल झाली काय आणि दोनशे कोटींची झाली काय, भरपाईचा आकडा त्याने हलत नाही. म्हणून सादरीकरणात ‘वार्षिक उलाढाल अमुक कोटी’ असे आले की विचारावे: त्यातले ठाण्याच्या रस्त्यासाठी किती? कर केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. पुलाखालचा सिग्नल, वॉर्डन आणि खड्डे मात्र ठाण्यातच राहतात.

रस्त्याची बाजू: आठ टक्के की चोवीस टक्के

वाहतूक अभियंते सगळी वाहने मोटारीच्या मापात मोजतात. या मापाला पीसीयू म्हणतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०६ या १९९० च्या मानकात दुचाकीला प्रवाहातल्या प्रमाणानुसार ०.५ ते ०.७५, रिक्षाला १.२ ते २ आणि बस-ट्रकला २.२ ते ३.७ असे गुणक आहेत. याच मानकात दुभाजक असलेल्या सहापदरी मुख्य रस्त्यासाठी तासाला ५,४०० पीसीयू ही दोन्ही दिशांची मिळून आरेखन मर्यादा आहे. आपण हा रस्ता तसाच सहापदरी धरू, म्हणजे एका दिशेला २,७००.

आता संकुल. संध्याकाळच्या गर्दीच्या एका तासात आत येणारी आणि बाहेर पडणारी मिळून ६०० मोटारी, ६०० दुचाकी आणि २०० रिक्षा धरू. मोटारींचे ६००, दुचाकींचे ०.७५ ने ४५०, रिक्षांचे १.२ ने २४०. बेरीज १,२९०, सोयीसाठी १,३००. निम्मी आत, निम्मी बाहेर.

विकासकाच्या सल्लागाराचा अहवाल साधारणपणे असा जाईल: यातले ३० टक्के लोक असेही त्या रस्त्याने जाणारच होते, ते वजा करा. उरले ९१०. ते उत्तर आणि दक्षिण अशा दोन भागांत विभागले की प्रत्येक भागावर ४५५. रस्त्याची मर्यादा ५,४००. भार वाढला सुमारे ८.४ टक्के. ‘परिणाम मर्यादित, सिग्नलच्या वेळेत किरकोळ बदल पुरेसा.’

या गणितात खोटे काही नाही. फक्त रस्त्याला मधोमध दुभाजक आहे, हे त्यात कुठेच दिसत नाही.

भूखंड खाडीच्या बाजूला आहे. त्याच्या दारासमोरून जातो तो गायमुखकडून ठाण्याकडे येणारा प्रवाह. संध्याकाळी ठाण्याहून घरी परतणारा माणूस डोंगराच्या बाजूने जात असतो. त्याला संकुलात शिरायचे असेल तर ते उजवीकडे दिसत असतानाच पुढे जाऊन, वाघबीळच्या उड्डाणपुलाखाली यू-टर्न घेऊन मागे यावे लागते. खरेदी झाली, घर पुढे आनंदनगरला; पण बाहेर पडताना दार ठाण्याच्या दिशेनेच सोडते. मग पातलीपाड्याच्या पुलाखाली दुसरा यू-टर्न. अहवालाने ‘असाही जाणारच होता’ म्हणून वजा केलेला हा माणूस प्रत्यक्षात दोन्ही चौकांत एकेकदा वळतो आणि संकुलासमोरच्या पट्ट्यात, जिथे तो एरवी आलाच नसता, तिथे उतरतो. वाटेवरचा ग्राहक ही सवलत डोंगराच्या बाजूच्या भूखंडाला लागू पडली असती. तिथे डावीकडे आत, डावीकडे बाहेर, काम संपले. रस्त्याच्या या बाजूला तीच सवलत उलटी फिरते.

आकडे घालू. आत येणाऱ्या ६५० पीसीयूंपैकी ६० टक्के ठाण्याकडून आले तर ३९० पीसीयू वाघबीळला वळणार. बाहेर पडणाऱ्या ६५० पैकी ६५ टक्के गायमुखच्या बाजूला जाणार असतील तर सुमारे ४२० पीसीयू पातलीपाड्याला वळणार. प्रत्येक चौकात तासाला चारशेच्या आसपास जादा यू-टर्न, म्हणजे साधारण दर नऊ सेकंदांना एक. पुलाखालून ज्यांनी संध्याकाळी सात वाजता गाडी वळवली आहे, त्यांना नऊ सेकंद म्हणजे काय हे सांगायला नको.

आणि दारासमोर? येणारे सगळे ६५० आणि जाणारे सगळे ६५० एकाच दिशेच्या तीन मार्गिकांवर आहेत. दाराच्या आधी ६५०, दारानंतर ६५०. मर्यादा २,७००. म्हणजे २४ टक्के. गायमुखकडून येणारे २६० तिथून असेही जाणार होते असे उदारपणे मानले, तरी ३९० उरतात; १४ टक्के. शिवाय ते सगळे सर्वांत डाव्या मार्गिकेत, वेग कमी करत.

रस्ता रिकामा असता तर हेही पचले असते. भरलेल्या रस्त्यावर विलंब वाहनांच्या प्रमाणात वाढत नाही. मर्यादेजवळ गेल्यावर थोड्या गाड्यांची भर मोठी रांग लावते, आणि रांग मागच्या चौकापर्यंत पोचली की ज्यांना संकुलाशी काही देणेघेणे नाही तेही अडकतात. समजा ठाण्याहून गायमुखकडे जाणारी दर तासाला ६,००० माणसे, टीएमटीच्या बसमधली, रिक्षातली, दुचाकीवरची, प्रत्येकी ४ मिनिटे जास्त अडकली. संध्याकाळचे तीन तास, वर्षाचे ३०० दिवस: ३ लाख ६० हजार तास. तासाची किंमत फक्त १०० रुपये धरली तर ३ कोटी ६० लाख रुपये, दरसाल. मालमत्ता कराचा अंदाज ज्या पानावर लिहाल, त्याच पानावर हा आकडाही लिहा. कर भरणारा एक, वेळ घालवणारे हजारो, आणि त्या हजारोंना कुणी सुनावणीला बोलावलेले नसते.

आणखी एक वेळ अभ्यासातून निसटते. वाहनांची मोजणी संध्याकाळी सहा ते नऊची होते. अवजड वाहनांना दिवसा गर्दीच्या वेळी बंदी असते, रात्री ती सोडली जातात. मल्टिप्लेक्सचा रात्रीचा खेळ साडेअकरा-बाराला सुटतो, नेमका तेव्हा रस्ता कंटेनरनी भरलेला. तिथे गाड्यांची संख्या संध्याकाळपेक्षा कमी असेल. पण थकलेले चालक, वेगातले ट्रेलर आणि पुलाखाली वळणाऱ्या दुचाकी एकत्र येतात. इथे विलंबाचा प्रश्न मागे पडतो आणि जिवाचा येतो. या वेळेची मोजणी नसलेला अहवाल मी तरी पूर्ण मानणार नाही.

नकार दिला तर

एवढे झाल्यावर ‘मग नाहीच म्हणा’ असे वाटणे साहजिक आहे. घोडबंदरवर रोज तासन् तास घालवणाऱ्यांचा राग मला समजतो, आणि तो खरा आहे. पण नकार म्हणजे शून्य वाहतूक नव्हे. ओवळा-कासारवडवलीचे कुटुंब आज सिनेमाला किंवा मोठ्या खरेदीला कापूरबावडी परिसरात किंवा पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या मॉलकडे जाते, तेव्हा ते मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ हे सगळे चौक ओलांडूनच जाते. जवळ संकुल झाले तर रस्त्यावर धावलेले एकूण किलोमीटर घटतील. वाढतील ती दोन ठिकाणची वळणे. म्हणून संकुल हवे की नको या प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न आहे तो दाराचा.

या जागी काळही महत्त्वाचा आहे. वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा ४अ हा विस्तार याच रस्त्याच्या मधून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूने चाचणी धाव झाली. डोंगरीपाडा आणि विजय गार्डन ही स्थानके याच टापूत येतात. दुसरीकडे ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटरचा, मानपाड्याजवळ टिकुजिनीवाडीला उघडणार. तो बोरिवलीचा फेरा वाचवेल आणि त्याच वेळी नवी वाहने मानपाड्यात आणून सोडेल. बाळकुम-गायमुख खाडीकिनारा मार्ग झाला तर खाडीच्या बाजूच्या या भूखंडाचे सगळे गणितच बदलेल. मधल्या काळात मात्र सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम हाती घेतले गेले. त्याने मार्गिका वाढतात, पण दुकानापुढे थांबणारी रिक्षा आणि सरळ जाणारी बस यांच्यामधला पडदा जातो. सेवा रस्ता असताना जे दार चालले असते, ते आता थेट धावत्या रस्त्यावर उघडेल.

नवी मुंबईत सीवूड्स-दारावे स्थानकावरच व्यापारी संकुल बसवले. २०१७ मध्ये मॉल सुरू झाला. तिथला ग्राहक लोकलमधून उतरून थेट आत जाऊ शकतो. घोडबंदरवर मेट्रो सुरू झाल्यावर तशी संधी येईल, पण ती आपोआप येत नाही. स्थानकाचा पादचारी पूल संकुलाच्या पहिल्या मजल्याला जोडायचा की लोकांना खाली उतरवून अख्खा रस्ता ओलांडायला लावायचा, हे आताच्या नकाशात ठरते.

माझा निर्णय

मंजुरी द्यावी, पण या नकाशाला नाही.

मुख्य रस्त्यावरचे दार बसथांबा, पादचारी आणि अग्निशमन यांच्यापुरते ठेवावे. मोटारी, दुचाकी आणि मालाच्या गाड्यांची ये-जा मागच्या डीपी रोडवरून. त्या ३५० मीटरच्या तुकड्याची जागा महापालिकेने ताब्यात घ्यावी आणि रस्ता विकासकाने बांधावा. त्याच्या मोबदल्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत बांधकाम टीडीआरचा, म्हणजे इतरत्र वापरता येणाऱ्या किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचा, मार्ग आहे. हा रस्ता झाला की वाघबीळच्या आतल्या वस्तीला संकुलात यायला मुख्य रस्त्याला हातही लावावा लागत नाही. यू-टर्न पूर्ण संपणार नाहीत. पण वळणारे निम्म्यावर आले तरी चौक श्वास घेतो.

टप्पे उलटे करावेत. आधी कार्यालये आणि रोजच्या गरजेची दुकाने. मल्टिप्लेक्स आणि मोठे दालन यांना भोगवटा प्रमाणपत्र मागचा रस्ता वाहता झाल्यावर आणि मेट्रो प्रवाशांसाठी सुरू झाल्यावरच. विकासक म्हणेल की मोठे दालन आणि सिनेमा यांच्या भाड्यावरच प्रकल्पाचे कर्ज फिटते. अडचण खरी आहे, म्हणून ही अट आजच, जमिनीचा व्यवहार आणि कर्ज ठरायच्या आधी सांगायला हवी. इमारत उभी राहिल्यावर, दुकाने विकली गेल्यावर, गाळेधारक महापालिकेच्या दारात बसल्यावर नवी अट घालून कोणताही अधिकारी प्रमाणपत्र रोखू शकत नाही. हातात दोर असतो तो पहिल्या परवानगीच्या दिवशी आणि भोगवट्याच्या दिवशी. मधे फक्त पत्रव्यवहार असतो.

पार्किंगचे फाटक कुठे बसवले आहे हे नकाशात बहुधा कुणी पाहत नाही. डिकी तपासून तिकीट द्यायला १५ सेकंद लागत असतील तर एका फाटकातून तासाला २४० गाड्या जातात. तासाला ३०० मोटारी येणार असतील तर दोन फाटके हवीत, आणि शनिवारच्या लाटेसाठी २० गाड्यांची, म्हणजे १२० मीटर रांग आत मावली पाहिजे. फाटक रस्त्यापासून १२० मीटर आत, तळघराच्या उतारावर न्या. खर्च जवळपास काही नाही.

‘बाकीच्यांना दिली, आम्हालाच अटी का’ हा आक्षेप येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पर्यावरण मंजुरीच्या प्रमाणित अटींतच एक अट आहे: प्रकल्पाभोवतीच्या ५ किलोमीटरमधल्या रस्त्यांचा सध्याचा सेवा स्तर (वाहतूक किती सुरळीत चालते याचा दर्जा) टिकवावा व सुधारावा, आणि आराखडा त्या परिघातल्या सगळ्या चालू व प्रस्तावित बांधकामांचा एकत्रित परिणाम धरून करावा. वाघबीळपासून ५ किलोमीटर म्हणजे कापूरबावडी ते गायमुख हा जवळपास अख्खा पट्टा. प्रत्येक विकासक हा एकत्रित अभ्यास स्वतंत्रपणे, दुसऱ्यांचे आकडे न बघता करतो, तेव्हा ती अट कागद होते. महापालिकेने पट्ट्याचा एकच वाहतूक नमुना (मॉडेल) स्वतः तयार ठेवावा, प्रत्येक नव्या प्रस्तावाने त्यात आपली भर घालावी, आणि चौक सुधारण्याचा खर्च प्रत्येकाच्या पीसीयूच्या प्रमाणात वाटावा. मग आधी आला तो सुटला आणि शेवटी आला तो सापडला, असे होणार नाही.

परवानगीच्या पत्रात मी हे शब्द घालीन: “संकुल सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात तीन वेळा, त्यांपैकी एकदा शनिवारी रात्री १० ते १, पातलीपाडा व वाघबीळ येथील यू-टर्नची मोजणी महापालिका व वाहतूक पोलीस संयुक्तपणे करतील; खर्च अर्जदाराचा. संकुलामुळे होणारे यू-टर्न मंजूर अहवालातील आकड्यापेक्षा एक-पंचमांशाहून अधिक आढळल्यास मल्टिप्लेक्सच्या तोवर सुरू न झालेल्या पडद्यांचा परवाना थांबेल व अर्जदाराने दिलेल्या बँक हमीतून चौकाची सुधारणा केली जाईल. मोजणीचे आकडे महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतील.”